लेंटमध्ये वाचवलेलं जातं कुठे?

पत्र मोठं आहे तुझं, आणि घरातले सगळे झोपल्यावर लिहिलंयस हे पहिल्या दोन ओळींतच कळतं, आपल्या परदेशातल्या बायकांची बहुतेक पत्रं त्याच वेळची असतात. तू मला मावशी म्हणून लिहिलंस म्हणून मीही अगं-तुगं करते, चालेल ना?

प्रश्न लेंटबद्दलचा आहे, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या आपल्या उपासाच्या काळाबद्दलचा, आणि बाकीच्यांनाही तो कळावा म्हणून पत्रातला मुख्य भाग इथे देते. "मावशी, राखेचा बुधवार तोंडावर आलाय आणि घरात दरवर्षीचाच वाद सुरू झालाय. मुलं म्हणतात आम्ही गेम सोडतो, नवरा म्हणतो या निमित्तानं माझं वजन कमी होईल, सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत त्या डायबेटिस असून कडक उपास धरणार म्हणतायत, आणि मला प्रार्थनेला शांतपणे दहा मिनिटं मिळत नाहीत. फादरपुढे पापं कबूल करायला, कन्फेशनला जायचं तर इकडच्या भाषेत मनातलं बोलता येत नाही. चॅरिटीचं मात्र आमचं ठीक आहे, दर लेंटला आम्ही गावच्या चर्चला रक्कम पाठवतो. गेल्या वर्षी तिकडे मिस्साला, चर्चच्या उपासनेत, देणाऱ्या सगळ्यांची नावं वाचली आणि आमचंच राहिलं, त्याचं खूप वाईट वाटलं, पण ते असो."

ते असो नाही गं. मी तिथेच बसणारे. एवढ्या सगळ्या काळज्यांत तू ज्याला "ठीक आहे" म्हणालीस नेमकं तेच मला ठीक वाटत नाही, बाकीचं सोपं आहे, शेवटी दोन-दोन ओळींत सांगते.

आधी हे सांगते की रक्कम पाठवता हे चांगलंच करता. माझा भाऊही पाठवतो, आमच्यासारखे बाहेर पडलेले कितीतरी लोक पाठवतात आणि त्यातून तिकडे खरोखर कामं होतात, छप्पर दुरुस्त होतं, कुणाच्या मुलीची फी भरली जाते. पण तुझ्याच पत्रातून दोन गोष्टी काढून तुझ्यासमोर ठेवते. एक म्हणजे ही रक्कम येते कुठून? पगार होतो, घराचा हप्ता जातो, मुलांचे क्लास जातात, सेव्हिंग बाजूला पडतं आणि उरलेल्यातून ती जाते. तिच्यासाठी घरात कुणाचंच काही कमी होत नाही, खिशाला तोशीस लागत नाही. आणि दुसरीकडे नवरा उपास करतो त्यातून जे वाचतं ते त्याच्या वजनाच्या खात्यात जमा होतं. म्हणजे उपास एका बाजूला, दान दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची कधी गाठच पडत नाही! आपल्याकडे पोटाला चिमटा काढून देणं म्हणतात ना, लेंटमधलं देणं ते असतं, त्यात चिमटा आणि देणं दोन्ही पाहिजे.

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतो त्या मिस्साला दरवर्षी एकच शुभवर्तमान वाचतात, मत्तयाचा सहावा अध्याय. ऐकून ऐकून कान सरावलेत म्हणून लक्ष जात नाही, पण यावर्षी घरी बायबल उघडून सावकाश वाच. येशू तिथे तीन गोष्टी बोलतो, दान, प्रार्थना आणि उपास, आणि दान पहिलं घेतो. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. प्रार्थना दार लावून करा. उपासाच्या दिवशी तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आणि तिन्हींच्या शेवटी तेच परत परत सांगतो की गुप्तपणे पाहणारा तुमचा पिता आहे, तो प्रतिफळ देईल, आणि जे लोकांना दिसावं म्हणून करतात त्यांना त्यांचं मिळून चुकलंय. आता तूच सांग, नाव वाचायचं राहिलं तेव्हा खरं तर तुझं काही गेलं का? मला विचारशील तर गेल्या वर्षीचं तुमचं दान आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त पोचलं असेल. वाईट वाटलं हे तू लपवलं नाहीस याचं मला कौतुक आहे, पण यावर्षी रक्कम पाठवताना तिकडच्या फादरना स्पष्ट मेसेज कर की नाव वाचू नका. आणि फॅमिली ग्रुपवर पावतीचा फोटो टाकू नका. हे तुला एकटीला नाही सांगत, सगळ्यांनाच सांगते, कारण आपण दूर राहतो ना, तिकडे आपली आठवण राहावी ही भूक आपल्याला जास्त असते, मला ती समजते गं, पण ती भागवायला दुसऱ्या जागा आहेत.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या ख्रिस्ती माणसानं एक पुस्तक लिहिलं, त्यात उपास कसा करावा ते इतकं साधं सांगितलंय की मला ते फार आवडतं. उपासाच्या दिवशी भाकर-पाण्यावर राहा, त्या दिवशी एरवी जे खाल्लं असतं त्याचा खर्च मोजा आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला नाहीतर कुणा गरजूला द्या, म्हणजे ज्याला मिळेल तो तृप्त होऊन तुमच्यासाठी प्रार्थना करेल. बघ, एकाच वाक्यात उपास, दान आणि प्रार्थना. अठराशे वर्षांपूर्वीच्या माणसानं हिशोब मांडायला सांगितलाय, नुसती भावना नाही.

माझ्या सासूबाईंनी हे पुस्तक पाहिलेलंही नव्हतं पण त्या हेच करायच्या. लेंटमधल्या शुक्रवारी बाजाराची यादी लिहायच्या, नेहमीची पूर्ण यादी, मग पेन्सिलनं एकेक ओळीवर काट मारायच्या, समोर अंदाजे किंमत लिहायच्या, बेरीज करायच्या आणि तेवढे पैसे एका वेगळ्या कापडी बटव्यात टाकायच्या. शनिवारी तो बटवा रिकामा असायचा. कुणाला दिले ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, नव्यानं लग्न होऊन आलेली मी, मला तर तो बटवा नुसता बघूनच लेंट काय ते समजलं. कुणी प्रवचन दिलं असतं तर इतकं समजलं नसतं.

परदेशात आल्यावर आमच्या घरात बटव्याऐवजी फ्रिजवर मॅग्नेटनं लावलेलं पाकीट आलं. शुक्रवारी रात्री बाहेर जेवायची आमची सवय होती, लेंटमध्ये ते बंद, घरी साधं जेवण आणि बाहेरच्या बिलाची रक्कम पाकिटात. बिल किती झालं असतं ते मुलांनी ठरवायचं. एकदा माझ्या मुलानं विचारलं की आई, यात टिप धरायची का? मी म्हटलं धर की, आपण दिलीच असती. त्यावर तो म्हणाला मग पार्किंगचे पण धरू! आणि दोघं भावंडं गंभीरपणे पाकिटावर आकडे मांडत बसली. तो आता स्वतःच्या घरी राहतो, नोकरी करतो, पण लेंट सुरू झाला की मला विचारतो यावर्षी पाकीट कुणासाठी. तुझ्या मुलांना उपास कशासाठी ते कळत नाही असं तू लिहिलंयस ना, तर त्यांच्या हातात हिशोब दे, त्यांना कळेल.

आता गेमचं. गेम सोडण्यात चूक काही नाही पण गेम सोडून त्याच वेळात व्हिडिओ बघत बसले तर वाचलं काय? पैशाचा उपास केला की पैसे वाचतात आणि वेळेचा उपास केला की वेळ वाचतो, आणि जे वाचलं ते दुसऱ्याच्या ताटात पडलंच पाहिजे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. त्यांनी गेमचा अर्धा तास सोडला तर तो अर्धा तास तिकडे आजोबांना व्हिडिओ कॉल करून द्यावा. आजोबा तीच तीच गोष्ट परत सांगतील, आवाज अडकेल, स्क्रीनवर नुसतं कपाळ दिसेल, आणि पोरांना तिथे बसून राहावं लागेल. ते बसणं हा त्यांचा उपास आणि तेच त्यांचं दान.

बायबलमधल्या यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच आहे. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तू बघितलंसुद्धा नाहीस. तर देव म्हणतो उपासाच्या दिवशी तुम्ही आपल्याच मनासारखं करता, कामाला ठेवलेल्यांना राबवून घेता आणि शेवटी भांडणात नि मारामारीत उपास संपवता. (तुझ्या पत्रातला "दरवर्षीचाच वाद" वाचला तेव्हा मला हीच ओळ आठवली बरं का.) मला आवडतो तो उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं, उघड्याला पांघरूण घालणं, आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसांपासून तोंड न लपवणं. आणि पुढे लगेच म्हणतो की मग तू हाक मारशील आणि मी ओ देईन. म्हणजे प्रार्थनेचा रस्ता तिथूनच जातो. संत ऑगस्टीनही म्हणायचा की तुझी प्रार्थना देवापर्यंत उडत जावी असं वाटत असेल तर तिला दोन पंख दे, उपास आणि दान. पाचव्या शतकात राव्हेनाचे बिशप होते संत पीटर क्रिसोलोगस, ते तर त्याहून कडक, म्हणतात या तिघांना वेगळं करू नका, ज्याच्याकडे तिघांपैकी एकच आहे त्याच्याकडे काहीच नाही. तू मला प्रार्थनेला वेळ मिळत नाही म्हणून रडतेस आणि दानाचं ठीक आहे म्हणतेस, पण हे तिघं एकाच घरात राहतात गं, एकाचं दार बंद असेल तर दुसऱ्याकडे जाताना अडचण येणारच.

आता आपल्या परदेशातल्या लोकांची खास अडचण. आपलं सगळं दान लांब जातं. रात्री अ‍ॅप उघडायचं, रक्कम टाकायची, ओटीपी टाकायचा, झालं. आणि इकडे ज्या गावात आपण वर्षानुवर्षं राहतो तिथे आपण घेणारे, नोकरी घेणारे, शाळा घेणारे, दवाखाना घेणारे, देणारे मात्र तिकडचे. लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवतो ना? त्यानं त्या गरीब लाजाराला मारलं नाही, हाकललं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. लाजार त्याच्या दाराशीच पडून होता, आणि त्यानं तिकडे पाहिलं नाही, एवढंच. उद्या त्यानं सांगितलं असतं की मी माझ्या गावाकडे दरवर्षी रक्कम पाठवतो, तरी दारातला लाजार दारातच राहिला असता.

तू म्हणशील मावशी इकडे आमच्या दाराशी कुणी नाही, इकडे सगळ्यांचं चांगलं चाललंय. असं नसतं. नवीन आलेला विद्यार्थी एका खोलीत चौघं राहून रोज काहीतरी कोरडं खाऊन दिवस काढतो आणि आईला फोनवर सांगतो मी मस्त आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मुलगी दिवसभर कुणाशी एक शब्द बोलत नाही. शेजारी एखादे आजोबा असतात ज्यांची मुलं दुसऱ्या शहरात असतात, आपण आपल्या म्हाताऱ्यांपासून लांब तसे तेही त्यांच्या मुलांपासून लांब. माझ्या धाकट्या बहिणीच्या चर्चमध्ये एक बाई मागच्या बाकावर एकटी बसायची, दुसऱ्याच देशातली, मिस्सा संपली की कुणाशी न बोलता निघायची, सगळ्यांना वाटायचं माणूसघाणी आहे. एका लेंटमध्ये बहिणीनं नुसतं विचारलं कुठे राहता, तर कळलं की रविवारी तिच्या भागात बस नसते म्हणून ती चालत येते नि चालत जाते, थंडीतही. बहीण गाडी घेऊन तिच्या घरावरून जायला लागली. वाट वाकडी होती, घरातून लवकर निघायला लागायचं, पोरं कुरकुरायची. कुठे पावती नाही, कुठे नाव नाही, आणि मला विचारशील तर आमच्या सगळ्या कुटुंबात लेंट कुणी नीट पाळला असेल तर तिनं.

म्हणून लांबचं बंद कर असं मी म्हणत नाही, अजिबात नाही. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपासाचे नियम नव्यानं लावून दिले तेव्हा त्यांनी सुखवस्तू देशांतल्या ख्रिस्ती लोकांना मुद्दाम सांगितलं होतं की तुम्ही आपल्या गरजा आवरून दाखवा, नाहीतर जगाचंच वारं तुम्हाला लागेल, आणि देशांच्या सीमा न बघता भुकेल्या भावंडांना मदत करा. आपण आता सुखवस्तू देशांत राहतो, तेव्हा हे आपल्यालाच सांगितलंय. लांबचं चालू दे. फक्त त्यातला थोडा भाग तरी उपासातून आलेला असू दे, उरलेल्यातून नको, आणि त्याच्या जोडीला इथला एक माणूस शोध ज्याचं तोंड तुला माहीत आहे. एकच. यादी करू नकोस, आपल्याला याद्या करायची फार सवय.

करायचं कसं ते सांगते. राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना बसव, सासूबाईंनाही. प्रत्येकानं काय सोडणार ते सांगायचं आणि त्यातून काय वाचणार तेही सांगायचं, पैसे नाहीतर वेळ. काहीच वाचत नसेल तर ते सोडणं बाद, दुसरं शोधायचं. नवऱ्याला प्रेमानं सांग की वजन कमी करणं चांगलं आहे, डॉक्टरही खूश होतील, पण त्याला लेंटची वाट बघायची गरज नाही, वर्षभर कधीही करता येतं. ऑफिसमधलं बाहेरचं जेवण सोडणार असेल तर त्या जेवणाचे पैसे रोज पाकिटात, मग वजन उतरलं तर उतरलं. पाकीट उघडं दिसेल असं ठेव, रक्कम मुलांना लिहू दे. मग कुणाला द्यायचं ते दर आठवड्याला ठरवा, लेंट संपेपर्यंत साठवू नका, साठवलं की मन त्याच्याभोवती घुटमळायला लागतं, दुसरंच काहीतरी सुचायला लागतं. हर्माससुद्धा त्या त्या दिवसाचाच हिशोब करायला सांगतो. आणि देताना मुलांना बरोबर ने, पण फोन घरी ठेव.

एक मात्र सांभाळ. ज्याला देशील त्याला तो आपल्या उपासाचा विषय आहे असं वाटता कामा नये. त्या विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलावलंस तर "आमचा लेंट आहे म्हणून" असं म्हणू नकोस, नुसतं ये म्हण. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, हे येशूनं त्यासाठीच सांगितलंय. तू घरात थोडं खा आणि त्याच्या ताटात भरपूर वाढ, आणि त्याला ते दिसू देऊ नकोस. आमच्या सासूबाई हे इतक्या सफाईनं करायच्या की पाहुणा उठून गेल्यावर आम्हाला कळायचं त्यांनी काहीच घेतलं नव्हतं.

बाकीचं आता भराभर.

तुझ्या सासूबाईंचं अगदी सोपं आहे, त्यांना नियमच दाखव. चर्चच्या कायद्याप्रमाणे उपास, म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण आणि हवं तर दोनदा थोडंसं काही, हा राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी बंधनकारक आहे आणि तोही १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत. त्यांनी साठी कधीच ओलांडली असणार, शिवाय आजारी माणसाला तशीही सूट आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना आहे, तो त्या पाळू शकतात, त्यानं साखर खालीवर होत नाही. औषध आणि वेळेवर खाणं सोडायचं नाही, हे तुझ्याऐवजी त्यांच्या मुलानं सांगावं, सुनेनं सांगितलं की उगीच मानापमान होतो. त्यांना पाकिटाची राखण दे आणि घरातल्या एकेकाच्या नावानं जपमाळ म्हणायला सांग, तेवढा वेळ तुमच्या घरात फक्त त्यांच्याकडेच आहे. तुमच्या देशातल्या बिशपांनी शुक्रवारचे नियम थोडे वेगळे केलेले असू शकतात, ते पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, पत्रकात बघून घे.

प्रार्थनेची दहा मिनिटं मिळत नसतील तर तीन घे, गाडी पार्क केल्यावर उतरायच्या आधी, इंजिन बंद करून, फोन पर्समध्ये टाकून. आणि पाकीट ज्याला जाणार आहे त्याचं नाव त्यात घे. शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, चर्चमध्ये जमली नाही तर घरी मुलांबरोबर म्हणा, चौदा ठिकाणं मुलांनी वाटून वाचायची, आपल्या भाषेत, अडखळत वाचली तरी चालेल.

गुड फ्रायडेला तुमच्याकडे सुट्टी नसेल तर रजा आत्ताच टाक. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो आणि दरवर्षी आपल्या लोकांची शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

कन्फेशनला मात्र भाषेमुळे अडू नकोस. मोठं बोलायची गरजच नाही, चार साध्या वाक्यांत होतं. हवं तर घरून कागदावर लिहून ने आणि वाच, मीही पहिली काही वर्षं तसंच केलं, फादरना काही वावगं वाटत नाही. नंतर कागद फाडून टाक. फक्त ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यापर्यंत थांबू नकोस, तेव्हा रांग बाहेरपर्यंत असते आणि तुला मागे उभ्या असलेल्यांची काळजी वाटून अर्धं सांगायचं राहून जाईल, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच एखाद्या शनिवारी जाऊन ये.